बोट सुटताना कुठल्या बाजूला उभं राहायचं?

प्रश्न : आमच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून मुलाने मुंबई–गोवा–मुंबई अशा क्रूझची तिकिटं काढून दिली आहेत. जानेवारीत निघायचं आहे, संध्याकाळी. आमची शेजारीण मागच्या वर्षी जाऊन आली. ती म्हणते, सामान लावून, जेवणाच्या रांगेत उभं राहून बाहेर येईतो सगळीकडे काळोख आणि पाणीच. आमचं तसं होऊ नये. बोट सुटताना नेमकं काय बघायचं आणि कुठून? खोली अजून निवडायची आहे. डावीकडची घ्यावी की उजवीकडची?
*– एक वाचक, नाशिक*

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचून फार बरं वाटलं. एकतीस वर्षं मी मुंबई बंदरात टगवर काढली, शेवटची अकरा सारंग, म्हणजे टगचा मुख्य चालक, म्हणून. मोठ्या बोटी धक्क्यावरून ओढून काढायच्या आणि वाटेला लावायच्या, हे आमचं काम. खाली टगवरून वर बघितलं की कठड्यावर मोजकी माणसं दिसायची, बाकी सगळी आत. मला दर वेळी हळहळ वाटायची. मुंबईने आपलं तोंड समुद्राकडे केलेलं आहे आणि ते तोंड पुरतं दिसतं फक्त त्या पाऊण तासात.

आधी खोलीचं सांगतो. खोली डावीकडची घ्या, पण सुटताना उभ्या राहा वरच्या डेकवर, उजव्या कठड्याला. बोट दक्षिणेकडे निघते तेव्हा शहर उजव्या हाताला राहतं. बंदराबाहेर पडल्यावर मात्र उजवीकडे नुसता अरबी समुद्र आणि कोकणचा किनारा सगळा डावीकडे. परत येताना बोट बंदरात उत्तरेकडे तोंड करून शिरते. तेव्हा शहर डावीकडे, तुमच्या खिडकीसमोर, आणि सकाळचं ऊन त्याच्या तोंडावर. एका खोलीत दोन्ही साधतं.

बोटीवर चढल्या चढल्या जीवरक्षणाची कवायत उरकून घ्या. ती सुटण्याआधी सगळ्यांना करावीच लागते. जेवण नंतर. जानेवारीत सूर्य सव्वासहाच्या सुमारास बुडतो, त्याआधी अर्धा तास तरी वर जागा धरा. शाल न्या. धक्क्याला उकडत असलं तरी बोट चालू लागली की वारा थेट कानात शिरतो.

आता बघायचं काय. बॅलार्ड पिअर या धक्क्याला दोर सुटले की भोंगा होतो. बोटीचं नाक आतल्या बाजूला असेल तर टग तिला जागच्या जागी घुमवतात. त्या दहा-पंधरा मिनिटांत सगळं बंदर तुमच्यासमोरून फिरतं. उत्तरेला पाण्यावर एक लांबच लांब सरळ रेघ दिसली तर तो अटल सेतू, 2024 च्या जानेवारीत सुरू झालेला, जवळपास 22 किलोमीटरचा. पूर्वेला दोन उंचवट्यांची हिरवी टेकडी म्हणजे घारापुरी. तिच्या अलीकडे तेलाच्या टाक्यांचं बेट दिसेल, ते जवाहर द्वीप. आम्ही त्याला अजून बुचर आयलंडच म्हणतो.

पिअर सुटलं की उजवीकडे पहिली लागते नौदलाची गोदी. राखाडी युद्धनौका ओळीने उभ्या असतात. डोळे भरून बघा, फोटो काढू नका. तिथे मनाई आहे.

मग गेटवे. इथे घाई नको. जमिनीवरून आपण गेटवेकडे जातो ते त्याच्या पाठीकडून. ती कमान बांधली समुद्राकडून येणाऱ्यासाठी. 1924 मध्ये ती खुली झाली. त्याच्या आधी एकवीस वर्षं, 1903 मध्ये, ताज सुरू झालं होतं, म्हणजे ताजच्या पहिल्या पाहुण्यांना खिडकीतून गेटवे दिसलाच नाही. आणि 28 फेब्रुवारी 1948 ला शेवटची ब्रिटिश पलटण याच कमानीखालून चालत बोटीत बसायला गेली. बोट पुढे सरकते तशी एक गंमत होते, ती मला सगळ्यात आवडते. कमान जवळ आहे, ताज मागे. म्हणून कमान ताजच्या दगडी भिंतीसमोरून डावीकडून उजवीकडे हळूहळू चालत गेल्यासारखी दिसते. जुना घुमट, नवा मनोरा, मग मोकळं आकाश. सूर्य शहराच्या मागे असतो, त्यामुळे सगळं काळं आणि कडा तेवढ्या सोन्याच्या. दहा-वीस मिनिटांनी ताजचे दिवे लागतात. तोवर बोट पुढे गेलेली असेल, मागे वळून बघा.

मी निवृत्त झाल्यावर बायकोला घेऊन अशीच एक सफर केली. एकतीस वर्षं माझा डबा भरणारी बाई, पण गेटवे समोरून तिने कधी बघितलाच नव्हता. तिने कठडा दोन्ही हातांनी धरला आणि कमान ताजच्या पलीकडे जाईपर्यंत एक शब्द बोलली नाही. मग म्हणाली, “तुम्ही रोज हे बघत होतात आणि मला सांगितलंत नाही?” त्या दिवसापासून मी भेटेल त्याला सांगतो.

गेटवेसमोर डावीकडे पाण्यात एक बुटका किल्ला उभा आहे, मिडल ग्राऊंड. तो बघायला क्षणभर डावीकडे जा आणि परत या, कारण पुढे कुलाबा सुरू होतो. ससून डॉकच्या भागात मच्छीमार बोटींच्या काठ्यांची दाटी दिसेल. 1875 पासूनची गोदी आहे ती. थोडं वर झाडीतून एक निमुळतं टोक निघालेलं दिसतं, ते अफगाण चर्चचं. पूर्वी बंदरात शिरणारे खलाशी त्या टोकावरून दिशा धरायचे.

शेवटी प्राँग्ज. कुलाब्याची जमीन संपल्यावर खडक पाण्याखालून पुढे जातात आणि त्यांच्या टोकाला दीपगृह उभं आहे, तेही 1875 चं. ओहोटीला तिथपर्यंत चालत जाता येतं, भरतीला ते समुद्रात एकटं. बोट त्याला लांबून वळसा घालते. तिथून पुढे शहर मागे राहतं आणि बोटीखाली पहिली खरी लाट लागते. पाय थोडे फाकवून उभ्या राहा.

उजवा कठडा आता सोडा, डावीकडे या. द्रोणागिरीचा डोंगर, करंजा आणि त्यापुढे रेवस. या पाण्यात काशाचा खडक आहे. 17 जुलै 1947 ला रामदास बोट तिथे बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. आमच्या भागात असं घर विरळा, ज्याचं कुणीतरी त्या बोटीत नव्हतं. मी अजून तिथून जाताना हात जोडतो.

त्यानंतर काळोखात लुकलुकणारा दिवा म्हणजे खांदेरी. मी अलिबागजवळच्या थळचा. लहानपणी दार उघडलं की समोर खांदेरी-उंदेरी. 1679 मध्ये महाराजांनी खांदेरीवर तट घालायला घेतला तेव्हा इंग्रज आणि सिद्दी दोघेही अंगावर आले. मायनाक भंडारी आणि त्यांची माणसं हटली नाहीत. दगड, दाणागोटा सगळं आमच्या थळच्या किनाऱ्यावरून, इंग्रजांच्या गलबतांना चुकवून, रात्री छोट्या होड्यांनी जायचं. इंग्रजांच्या बोटी मोठ्या आणि वाऱ्यावर चालणाऱ्या, आपल्या वल्ह्यांच्या. वारा पडला की आपली माणसं निसटायची. 2025 मध्ये खांदेरीचं नाव महाराजांच्या इतर किल्ल्यांबरोबर जागतिक वारशात लागलं. तुम्हाला त्या रात्री फक्त दिवा दिसेल. त्या दिव्याला एक नमस्कार माझ्यातर्फे करा, आणि मग जेवायला जा.

प्रश्न : नातू नऊ वर्षांचा आहे. बोटीवर तासभर नुसता उभा राहील असं वाटत नाही. त्याला काय दाखवू?
*– एक आजोबा, डोंबिवली*

उत्तर : त्याला बोये, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या खुणा, मोजायला लावा. बोटीची वाट पाण्यात तांबड्या आणि हिरव्या बोयांनी आखलेली असते. बंदरात शिरताना तांबडे डाव्या हाताला, म्हणून बाहेर जाताना ते उजवीकडे आणि हिरवे डावीकडे. त्याला आधी हे सांगू नका. जाताना मोजू द्या आणि येताना बाजू का बदलली ते त्यालाच विचारा. काळोख पडला की तेच बोये तांबडे-हिरवे लुकलुकतात, मग तर तो तुम्हालाच ओढून नेईल.

दुसरं, पायलट उतरताना दाखवा. ही विमानातली नाही, बंदराची माणसं. बंदराचं पाणी, गाळ, खडक, भरतीची ओढ सगळं पाठ असणारा हा माणूस कप्तानाशेजारी उभा राहून बोट बाहेर काढून देतो. प्राँग्जच्या पुढे एक छोटी बोट तुमच्या बोटीच्या कुशीला येऊन चिकटते. बोट थांबत नाही, नुसती सावकाश होते. पायलट दोरशिडीने उतरतो, खालची बोट लाटेवर वर आली की त्या क्षणी पाऊल टाकतो. चुकला तर दोन बोटींच्या मध्ये. पावसाळ्यात आम्ही हे बघायचो तेव्हा श्वास धरलेला असायचा. रात्री ती छोटी बोट ओळखायची खूण सोपी आहे, वर पांढरा दिवा, त्याच्याखाली तांबडा. शिडी कुठल्या बाजूला सोडली ते खलाशाला विचारा, तो सांगेल. नातवाला म्हणावं, पायलटला हात कर. बहुतेक जण करतात परत.

प्रश्न : गोव्याहून परत निघताना असं काही दिसतं का, की तेव्हा विश्रांती घ्यावी?
*– एक वाचक, सांगली*

उत्तर : मुरगावहून उजेडात सुटलात तर अर्धा तास उजवीकडे थांबा. झुआरीचं रुंद मुख, दोनापावला, काबोच्या टोकावरचं राज्यपालांचं निवासस्थान आणि थोडं पुढे मांडवीच्या तोंडावर 1612 चा आग्वाद. काळोखात सुटलात तर खुशाल झोपा, पण गजर लावून. मुंबईत शिरताना पहाटे प्राँग्ज डाव्या हाताला येतं आणि मग ऊन पहिल्यांदा ताजच्या घुमटावर पडतं, नंतर कमानीवर उतरतं. त्या वेळी डेकवर चहा मिळतो, कपात हात शेकत उभे राहा.