इंदुरात जुनी नाणी स्वस्तात कुठून घ्यावीत म्हणजे ऑनलाइन विकून नफा होईल?

तुम्ही लिहिलंय की राहायला इंदुरात आहात, हाताशी दहा-पंधरा हजार रुपये आहेत, "वैष्णोदेवीचं नाणं द्या, लाखो घ्या" असले व्हिडिओ पाहिलेत, आणि जुनी नाणी स्वस्तात घेऊन ऑनलाइन विकायची आहेत. मी राजवाड्याच्या आसपासच वाढलो. नाणी जमवतो, आणि जास्तीची होतात ती विकतो. चार पैसे यात नक्की सुटतात, पण तुम्ही पाहिलेल्या वाटेने नाही.

आधी ते व्हिडिओ डोक्यातून काढून टाका. वैष्णोदेवीची 2012 ची पाच आणि दहा रुपयांची नाणी चलनात आलेली नाणी आहेत, आजही सुट्ट्या पैशांत हाती लागतात. कोरं करकरीत नाणं असेल तर दर्शनी किमतीच्या थोडं वर जाईल, एवढंच. असल्या जाहिराती देणारे नाणं विकत घेत नाहीत. "नोंदणी फी", "कर", "कमिशन" म्हणून तेच तुमच्याकडून पैसे काढतात. रिझर्व्ह बँकेच्या नावानेही हे चालू होतं, म्हणून बँकेने ऑगस्ट 2021 मध्ये जाहीर इशारा दिला होता: आम्ही अशा व्यवहारात नाही, कुणाला आमच्या नावाने कमिशन मागण्याचा अधिकारही दिलेला नाही. तांदूळ ओढणारं चमत्कारी नाणं म्हणून जे सांगतात, ते "राइस पुलर", हाही फसवणुकीचाच धंदा. तसं कुणी काही दाखवायला बोलावलं तर जाऊ नका.

आता मूळ मुद्दा. या व्यवहारात नफा विकताना होत नाही, घेताना होतो. आणि स्वस्त मिळतं ते जिथे नाणं नाणं म्हणून विकलं जात नाही, वजनावर विकलं जातं, तिथे. इंदुरात अशा दोन जागा आहेत.

पहिली सराफा, सोन्या-चांदीचा बाजार. रात्रीचा खाण्याचा सराफा सगळ्यांना ठाऊक, तुम्ही दिवसा जा. लोक आजीच्या डब्यातले राणीछाप, राजाछाप रुपये मोडीत देऊन जातात आणि सराफ ते चांदीच्या भावाने पुढे विकतो. बहुतेकांना सालाशी देणंघेणं नसतं. व्हिक्टोरिया, एडवर्ड आणि पंचम जॉर्जचा रुपया 11.66 ग्रॅमचा, म्हणजे बरोबर एक तोळ्याचा, आणि त्यात 91.7 टक्के चांदी. म्हणजे शुद्ध चांदी साधारण 10.7 ग्रॅम. त्या दिवशीच्या भावाने गुणा, ती त्या रुपयाची तळाची किंमत. त्याच्या जवळपास मिळाला तर तोटा होणं अवघड, कारण उद्या विकला नाही तरी चांदी चांदीच राहते.

पण ढिगात हात घालण्याआधी सालं पाठ असू द्या. 1940 पासूनच्या रुपयात चांदी निम्मीच आहे, बाकी तांबं, निकेल आणि जस्त. 1947 चा रुपया तर निव्वळ निकेलचा, त्यात चांदी शून्य. तिन्ही एकाच ढिगात पडलेले असतात आणि घाईत एका भावाने मोजले जातात. 1947 चा ओळखायला खिशात छोटं लोहचुंबक ठेवा, निकेल चिकटतं, चांदी चिकटत नाही. 1940 ते 45 चे रुपये वेगळे काढून निम्म्या चांदीच्या हिशेबाने भाव लावायला सांगा. सराफाला ते पटतं, त्याला हे माहीत असतंच. तुम्हाला माहीत आहे का, एवढंच तो बघत असतो.

ढिगात शोधायचं काय? 1911 चा पंचम जॉर्जचा रुपया. राजाच्या अंगरख्यावर जी साखळी आहे, तिच्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, गदारोळ झाला आणि टाकसाळीने पुढच्याच वर्षी ठसा बदलला. बाहेर आलेली नाणी थोडी, बाकीची वितळवली गेली. म्हणून याला चांदीच्या वर भाव मिळतो. षष्ठ जॉर्जचा 1939 चा रुपया तर फारच दुर्मिळ, पण त्याच्या नकला इतक्या आहेत की नवख्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. या दोन सालांच्या मागे धावण्यापेक्षा साध्या सालाचा पण न झिजलेला रुपया निवडा. राणीच्या केसांच्या बटा सुट्या दिसतात, मुकुटावरचं कोरीव काम भुईसपाट झालेलं नाही, असा. चांदीच्या भावात घेतलेल्या ढिगातून असे चार निघाले, तर बाकीच्यांवर नफा नाही झाला तरी चालतं.

दिवाळीच्या आधी घेऊ नका. धनत्रयोदशीला आणि लक्ष्मीपूजनाला घरोघरी जुना रुपया लागतो, तेव्हा सराफा चांदीवर चांगलाच चढा भाव लावतो. त्याच दिवसांत नवे पाडलेले राणीछापही बाजारात येतात, पूजेसाठी म्हणून. फसवायच्या हेतूने केलेले नसतात, पण पुढे कुणीतरी ते जुने म्हणून विकतोच. काट्यावर टाका. 11.66 ग्रॅमपेक्षा शंभर मिलिग्रॅमहून कमी-जास्त भरलं आणि नाणं झिजलेलं नसेल, तर घेऊ नका. अक्षरांच्या कडा साबणाच्या वडीसारख्या गोल वाटल्या, तरीही घेऊ नका.

दुसरी जागा बर्तन बाजार आणि भंगारवाले. इथे तांबं-पितळ किलोवर येतं, आणि माझ्या मते इंदूरच्या माणसाची खरी संधी इथेच आहे. जुनी भांडी मोडायला येतात, त्यांच्याबरोबर पितळी डब्यात तळाशी पडून राहिलेले पैसे येतात: ढब्बू पैसे, पाव आणे, युद्धाच्या काळातले भोकाचे पैसे. दुकानदार ते पोत्यात नाही टाकत, एका परातीत बाजूला ठेवतो. परात पुढे ओढून बसायचं आणि एकेक उलटत जायचं. बहुतेक ब्रिटिश पाव आणे निघतात, झिजून गुळगुळीत. मधूनच एखादं जाड, गडद चॉकलेटी नाणं लागतं. अंगठ्याने धूळ सारली की बसलेला नंदी दिसतो. पाठीवरचं वशिंड, दुमडलेले पुढचे पाय, मागे नागरी अक्षरांत मजकूर आणि विक्रम संवत. हे शिवाजीराव होळकरांचं तांबं, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचं. संवतातून 57 वजा केले की इसवी सन मिळतो. कधी यशवंतराव दुसऱ्यांचा चेहरा असलेलं 1935 चं नाणं मिळतं, यंत्रावर पाडलेलं, सुबक. ग्वाल्हेरचेही पुष्कळ येतात: माधवराव शिंद्यांचा पाव आणा, संवत 1970, म्हणजे 1913 चा, आणि जिवाजीरावांचा संवत 1986, म्हणजे 1929 चा.

आपल्याकडे ही नाणी पायलीला पन्नास, म्हणून कुणी बघत नाही. पुण्या-मुंबईत मराठेशाहीची नाणी जमवणारे मात्र मुद्दाम होळकर-शिंदे शोधतात आणि त्यांना ती तिथल्या भंगारात सापडत नाहीत. इथे जे सहज मिळतं आणि तिथे हवं असतं, त्यावर भर द्या. समजा, परातीतून वीस नाणी निवडून तुम्ही प्रत्येकी चाळीस रुपये दिलेत, म्हणजे आठशे. त्यातली बारा झिजलेली निघाली, ती एकत्र एका लॉटमध्ये घेतलेल्या भावात दिलीत, तर उरलेल्या आठांवर जे सुटेल तीच तुमची कमाई. एकेक झिजलेलं नाणं वेगळं विकायला जाऊ नका, टपालाचा खर्चच ते खाऊन टाकेल.

होळकरांची चांदीही भेटेल. मल्हारनगर टाकसाळीचा, सूर्यमुख असलेला रुपया. महेश्वरचा, शिवलिंग आणि बेलपान असलेला. त्यावर नाव शाह आलम बादशहाचं असतं, फारसीत, आणि तो 1806 मध्ये वारल्यावरही पुढे कितीतरी वर्षं तेच नाव चालू राहिलं. त्यामुळे बादशहाच्या नावावरून नाणं मुघली समजून कमी भावात देणारे आहेत, आणि अहिल्याबाईंचं म्हणून वाटेल ती किंमत सांगणारेही आहेत. खूण आणि हिजरी साल दोन्ही वाचता आल्याशिवाय यात मोठी रक्कम घालू नका. थोरल्या यशवंतरावांनी शके 1728 मध्ये संस्कृत मजकुराचा रुपया पाडला होता. तो कुणी पाच-दहा हजारांत देऊ करत असेल तर नकली समजा.

आणखी एक ठळक नकली माल: ईस्ट इंडिया कंपनीचं, 1818 चं, एका बाजूला रामदरबार किंवा हनुमान. असं नाणं कंपनीने कधीच पाडलं नाही. ती देवळाबाहेर विकायची टोकनं आहेत. ऑनलाइन हजारोंनी पडून आहेत, आणि परातीतही निघतात.

भाव कसा कळायचा? संकेतस्थळावर विकणाऱ्याने लिहिलेला आकडा म्हणजे भाव नव्हे, कुणीही काहीही लिहितं. विकून झालेली किंमत बघा. मुंबईच्या टोडीवाला किंवा बेंगळुरूच्या मरुधर यांच्यासारख्या लिलाव करणाऱ्यांचे जुने निकाल बघायला मिळतात, तिथे नाण्याच्या फोटोखाली मिळालेली रक्कम असते. तुमच्या नाण्याच्या प्रतीचं नाणं काय भावाने गेलं ते शोधा, त्यातून विक्रीचं कमिशन वजा करा, आणि उरलेल्याच्या निम्म्याहून जास्त देऊन खरेदी करू नका. ही माझी रेघ आहे, ती ओलांडली की पैसे अडकतात. सरकारी टाकसाळी स्मारक नाण्यांचे संच ऑनलाइन विकतात. तेही घेऊन ठेवणारे आहेत, पण त्यात भांडवल वर्षानुवर्षं बसून राहतं. पंधरा हजारांत ते परवडणार नाही.

घरोघरी जाऊन स्वस्तात घ्यायचा सल्ला तुम्हाला बरेच जण देतील. मी देणार नाही. सराफाने किंवा भंगारवाल्याने माल विकायलाच मांडलेला असतो, त्याच्याकडून नजरेच्या जोरावर घेतलं तर त्यात काही गैर नाही. देवघरातल्या लक्ष्मीच्या रुपयांसाठी एखाद्या काकूंना "चांदीच्या भावाने देऊन टाका" म्हणणं वेगळं. कुणी आपणहून दाखवायला आणलं आणि त्यात चांगलं नाणं निघालं, तर खरा भाव सांगा आणि विकून देण्याचं कमिशन घ्या. इंदूर अजून तेवढं लहान आहे, खरं बोलणाऱ्याकडे पुढचा डबा आपोआप येतो.

घेतलेलं नाणं घासू नका. चिंच, लिंबू, पितांबरी, टूथपेस्ट, काहीही नको. तांब्यावरचा तो गडद रंगच जाणकाराला हवा असतो, आणि लखलखीत केलेल्या नाण्याची किंमत तिथल्या तिथे पडते. माती असेल तर साध्या पाण्यात भिजवा, मऊ कापडाने टिपा, पुरे. मऊ पीव्हीसीच्या पाकिटात ठेवलं तर काही महिन्यांत हिरवट चिकट थर येतो, म्हणून पुठ्ठ्याचे होल्डर आणा. नाणं काठावर धरा, तोंडावर बोटं लावू नका.

विकताना फोटो दिवसाच्या उजेडात काढा, फ्लॅश नको. दोन्ही बाजू आणि काठ. वजन ग्रॅममध्ये लिहा. ओरखडा असेल, भोक बुजवलेलं असेल, पूर्वी दागिन्यासाठी कडी लावलेली असेल, तर तेच पहिल्या ओळीत लिहा. परत आलेल्या एका पार्सलमध्ये दोन्ही बाजूंचं टपाल जातं आणि गिऱ्हाईकही. पैसे आल्यावरच स्पीड पोस्टने पाठवा, पाकिटात नाणं हलणार-वाजणार नाही असं बांधून.

कायद्याचं मात्र हलक्यात घेऊ नका. 1972 च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावशेष ठरतं. ते परदेशी पाठवता येत नाही, परदेशातल्या गिऱ्हाइकाने कितीही देऊ केले तरी. आणि असा माल विकण्याचा धंदा म्हणून करायचा तर पुरातत्त्व सर्वेक्षणाचा परवाना लागतो. म्हणजे नंदीचं तांबं आणि राणीछाप रुपया यात येतात, यशवंतरावांचं 1935 चं नाणं अजून येत नाही. सुरुवात अशा, शंभर वर्षं न झालेल्या मालापासून केलीत तर बरं. शेतात, पाया खणताना सापडलेलं काही कुणी आणलं तर हात लावू नका, 1878 च्या निखात निधी कायद्याने ते कलेक्टरकडे कळवावं लागतं. चालू नाणी वितळवणं हाही गुन्हाच. संकेतस्थळावरून परराज्यात माल विकायचा तर जीएसटी नोंदणीचा प्रश्न येतो, उलाढाल कितीही छोटी असो. एखाद्या सीएला अर्धा तास भेटा.

पंधरा हजारांतले दोन हजार आधी ग्रॅमचे दशांशही दाखवणाऱ्या काट्यावर, दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगावर आणि होल्डरवर घाला. उरलेल्यातले निम्मे हातात ठेवा, कारण चांगला डबा सांगून येत नाही. आणि पहिला मोठा सौदा करण्याआधी नाण्याचे फोटो इथेच खाली टाका, दोन्ही बाजू, काठ आणि वजन. मी रात्री जेवणानंतर बघतो, जमेल तेवढं सांगेन.