मोहीम आखण्यापूर्वी

मोटारचालक आणि सायकलस्वार यांच्यासाठी रस्ता-सुरक्षेची मोहीम ‘रस्ता सर्वांचा’ अशी घोषणा लिहून सुरू करण्याचा मोह आधी आवरा. विपणनतज्ज्ञ फिलिप कोटलर आणि जेराल्ड झाल्टमन यांनी १९७१ मध्ये मांडलेल्या सामाजिक विपणनाचा, म्हणजे विपणनाची तंत्रे समाजहितासाठी वापरण्याचा, भर आज प्रत्यक्ष वर्तन बदलण्यावर असतो, म्हणून एकच, डोळ्यांना दिसेल असे वर्तन निवडा. उदाहरणार्थ, उभ्या मोटारीचे दार जवळच्या हाताऐवजी लांबच्या हाताने उघडले, की चालकाचे खांदे आपोआप वळतात आणि मागून येणारा सायकलस्वार त्याच्या नजरेस पडतो. या सवयीची आठवण दाराच्या कडीजवळ चिकटवलेल्या छोट्या स्टिकरने करून द्या. चौकातला भलामोठा फलक (माझ्या मते तरी) बहुधा वाया गेलेला खर्च असतो. चालकांवर दोषारोप करू नका, कारण दोष दिला की ऐकणे थांबते. सायकलस्वारांसाठी संदेश वेगळा ठेवा: उभ्या गाड्यांच्या दारांपासून अंतर राखणे, वळण्याआधी हात दाखवणे. मोहिमेपूर्वी आणि नंतर, त्याच रस्त्यावर आणि त्याच वेळी, दार उघडण्यापूर्वी किती चालक मागे पाहतात ते स्वतः उभे राहून मोजा आणि मोहिमेच्या एखाद्या चित्रफितीच्या दर्शकसंख्येपेक्षा याच नोंदींवरून पुढचा टप्पा ठरवा.