पीएचडी सुरू करताना गाइडशी काय काय बोलून घ्यावं?

तुम्ही विचारलंय की पीएचडीला प्रवेश मिळालाय, लवकरच गाइडबरोबर पहिली बैठक आहे. पुढच्या काही वर्षांचं नियोजन कसं करावं, गाइडकडून काय अपेक्षा ठेवाव्यात, आणि हे सगळं तोंडावर विचारलं तर आगाऊपणा वाटेल का?

आधी शेवटच्या शंकेबद्दल. आगाऊपणा अजिबात वाटणार नाही. मी स्वतः विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करतो. सुरुवातीलाच "सर, आपण कामाची पद्धत ठरवून घेऊ या का?" असं कोणी विचारलं की मला मनापासून बरं वाटतं. ऑस्ट्रियातल्या साल्झबर्गला २००५ साली युरोपातल्या विद्यापीठांनी डॉक्टरेटसाठी जी तत्त्वं मांडली, त्यांतही हेच आहे: विद्यार्थी, मार्गदर्शक आणि संस्था यांनी आपापल्या जबाबदाऱ्या उघडपणे ठरवून घ्याव्यात. पूर्णवेळ काम असेल तर साधारण ३ ते ४ वर्षं, हा कालावधीही तिथलाच.

पीएचडी कितीतरी वेळा अशा गोष्टींपायी रखडते, ज्या दोघांनीही मनात गृहीत धरलेल्या असतात आणि बोललेलं कोणीच नसतं. त्या बाहेर काढायला एक साधन फार उपयोगी पडतं. उच्च शिक्षणाच्या अभ्यासक इन्ग्रिड मोझेस यांनी १९८५ मध्ये एक प्रश्नावली तयार केली होती, तिची वेगवेगळी रूपं आजही वापरात आहेत. प्रत्येक ओळीत दोन टोकाची विधानं असतात. एका टोकाला 'विषय गाइडने ठरवावा', दुसऱ्या टोकाला 'विषय विद्यार्थ्याने ठरवावा'. मध्ये १ ते ५ आकडे. दोघांनी ती स्वतंत्रपणे भरायची आणि मग कागद शेजारी ठेवायचे.

माझ्या एका विद्यार्थिनीबरोबर हे केलं तेव्हा बऱ्याच ओळींवर आमचं जुळलं. एका ओळीवर मात्र मोठी तफावत निघाली. 'गाइडने सगळे मसुदे पाहण्याचा आग्रह धरावा' याच्या बाजूला मी २ वर खूण केली होती. 'टीका हवी असेल तेव्हाच विद्यार्थ्याने मसुदा द्यावा' याच्या बाजूला तिने थेट ५ वर. म्हणजे मी कच्च्या पानांची वाट पाहत राहिलो असतो आणि ती प्रकरण चकचकीत होईपर्यंत काही दाखवणार नव्हती. मला वाटलं असतं ही काम करत नाही, तिला वाटलं असतं सरांना रस नाही. ही खूण समोर आल्यावर तोडगा सोपा होता: कच्चं चालेल, पण पानाच्या वर एक ओळ लिहायची, 'युक्तिवाद पाहा, भाषा अजून करायची आहे' अशी. ती ओळ वाचून मला नेमकं काय तपासायचं ते कळायचं, आणि अर्धवट लिखाण दाखवायला तिलाही संकोच राहिला नाही.

तुमच्या गाइडना प्रश्नावली आवडेलच असं नाही. मग गप्पांतून विचारा. किती दिवसांनी भेटायचं? मसुदा दिल्यावर अभिप्राय साधारण किती दिवसांत मिळेल? तातडीचं काही असेल तर फोन करायचा की मेल? सुट्टीचं काय? हे प्रश्न क्षुल्लक वाटतात, पण रोजचा मनस्ताप याच गोष्टींतून होतो.

शोधनिबंधावर कोणाचं नाव कुठे येणार, हे पहिला निबंध लिहायला घेण्याआधी ठरवा. नंतर तो विषय काढणं सगळ्यांनाच जड जातं. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने लेखक म्हणवून घेण्यासाठी ४ निकष घातले आहेत आणि ते चारही पूर्ण व्हावे लागतात. 'क्रेडिट' नावाच्या पद्धतीत संशोधनातलं योगदान १४ भूमिकांत विभागलेलं आहे: कल्पना कोणाची, विदा (डेटा) कोणी गोळा केली, पहिला मसुदा कोणाचा वगैरे. यांपैकी काहीही समोर ठेवून बोललात की चर्चा माणसांवर न घसरता कामावर राहते.

आता वेळापत्रक. ब्युलर, ग्रिफिन आणि रॉस या मानसशास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये छापलेल्या अभ्यासात मानसशास्त्राच्या पदवीच्या विद्यार्थ्यांना त्यांचा पदवीचा छोटा प्रबंध किती दिवसांत पुरा होईल ते विचारलं. अंदाज सरासरी ३४ दिवसांचा होता, प्रत्यक्षात लागले सुमारे ५५. सगळंच बिघडलं तर किती लागतील, हेही विचारलं होतं. ते उत्तरसुद्धा ४९ च्या आतच होतं. म्हणून स्वतःच्या मनातल्या अंदाजावर विसंबू नका. तुमच्या गाइडच्या मागच्या विद्यार्थ्यांना भेटा, त्यांना कोणत्या टप्प्यावर किती महिने लागले ते विचारा आणि तेच आकडे तुमच्या तक्त्यात घाला. प्रबंध सादर करायच्या तारखेपासून उलट मोजत या: अंतिम वाचन, दुरुस्त्या, लेखन, विश्लेषण, विदा. नैतिकता समितीची परवानगी लागणार असेल तर ती अगदी आधी मांडा, कारण तिच्याशिवाय विदा गोळा करता येत नाही.

एक प्रश्न मात्र कुठल्याही तक्त्यापेक्षा मला मोलाचा वाटतो: "सर, किती काम झालं की ते पीएचडीला पुरेसं?" याचं उत्तर बहुतेक गाइडना शब्दांत चटकन देता येत नाही. त्यामुळे त्यांना चांगले वाटलेले दोन अलीकडचे प्रबंध मागा, वाचा, आणि त्यांतलं काय त्यांना पटलं ते विचारा. नाहीतर विद्यार्थी 'अजून एक प्रयोग', 'अजून एक प्रकरण' करत बसतो आणि थांबायचं कुठे ते कोणीच सांगत नाही.

प्रत्येक भेटीनंतर त्याच दिवशी चार ओळींचा मेल टाका: काय ठरलं, कोण काय करणार, पुढची तारीख. गाइड उत्तर द्यायला टाळाटाळ करत असतील तर शेवटी लिहा, 'काही बदल सुचवला नाहीत तर सोमवारपासून याप्रमाणे सुरू करतो.' असे मेल साठत गेले की वर्षभराने "मी असं म्हटलंच नव्हतं" हा वाद उभा राहत नाही. आणि खरंच गाडं अडलं, तर सहमार्गदर्शकांशी किंवा संशोधन समितीशी बोलताना तुमच्या हातात काहीतरी लेखी असतं.

पहिल्याच बैठकीत हे सगळं काढू नका. त्या दिवशी भेटींचं अंतर, मसुद्यांची पद्धत आणि ते दोन प्रबंध, एवढंच पुरे. नावांचा विषय दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत घ्या. वर्ष संपलं की यादी पुन्हा काढा, कारण तोवर तुम्हाला काही निर्णय स्वतः घ्यावेसे वाटू लागलेले असतील आणि ते गाइडना सांगावं लागेल.