वाडीत सिंगल फेज, डंक्याची मोटर थ्री फेज. कन्व्हर्टर कुठे मिळेल?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: मुंबई सोडून राजापूरकडे गावी आलात, मसाला कुटून द्यायला दोन मुसळांचा जुना डंका घेतलात, त्याला ३ एचपीची थ्री फेज मोटर आहे आणि वाडीत सिंगल फेज. रत्नागिरीत कन्व्हर्टर मिळेना, कुणीतरी सांगितलं कोल्हापूरला जा.

मीही गेलो होतो. लांज्याहून आंबा घाट चढून, रंधा मशीनसाठी. एका दुकानात ‘सिंगलचं थ्री फेज करणारा कन्व्हर्टर’ मागितला, तर मालकाने काही न विचारता पत्र्याची पेटी काउंटरवर ठेवली. आत नुसते कपॅसिटर. घरी जोडली तर मोटर जाग्यावर गुरगुरत राहिली. पुलीला हाताने ढकललं (तुम्ही हे करू नका) तेव्हा फिरायला लागली, आणि फळी लावल्याबरोबर बसली. मला वाटलं मोटरच गेली. रिवायंडिंगवाल्याकडे नेली, तर त्याने मोटर उघडलीच नाही. पेटीवरचं चित्र बोटाने दाखवलं: इनपुटला दोन फेज.

ती पेटी शेतीपंपाची होती. घाटावर बऱ्याच फीडरवर (वीज वाहिन्यांवर) पंपाला ठरलेल्या तासांपुरतीच थ्री फेज मिळते. एरवी दोन फेज चालू असतील तर शेतकरी अशा पेटीने तिसऱ्याची भरपाई करतात. तिथे दोन फेजमध्ये ४१५ व्होल्ट असतात. तुमच्या-माझ्या घरात एक फेज आणि न्यूट्रल, म्हणजे २३०. नाव दोन्हीकडे ‘कन्व्हर्टर’च, त्यामुळे नुसतं नाव घेऊन दुकानात जाऊ नका.

तुम्हाला हवा तो ड्राइव्ह, म्हणजे व्हीएफडी: सिंगल फेज घेऊन मोटरला थ्री फेज देणारी इलेक्ट्रॉनिक पेटी. मागताना असं सांगा: इनपुट सिंगल फेज २३० व्होल्ट, आउटपुट थ्री फेज, २.२ किलोवॅट. डेल्टा, श्नायडर, सीमेन्स, एबीबी सगळ्यांकडे या मापाचे आहेत. कोल्हापूरचं उद्यमनगर किंवा मुंबईची लोहार चाळ, दोन्हीकडे मिळतील, आणि आता घरबसल्याही मागवता येतात. मिळणं हा प्रश्नच नाही.

अडतं ते पुढे. हा ड्राइव्ह २३० घेतो आणि तीन फेज देतो त्याही २३० च्याच. ४१५ होत नाहीत. म्हणून आधी मोटरवरची पाटी रॉकेलच्या बोळ्याने पुसा आणि वाचा. लहान मोटरी, साधारण २ एचपीपर्यंतच्या, बहुतेक वेळा ४१५ ला स्टारमध्ये जोडलेल्या असतात; ३ एचपीत दोन्ही प्रकार सापडतात (स्टार आणि डेल्टा म्हणजे मोटरच्या आतली तीन वाइंडिंग एकमेकांना जोडायच्या दोन पद्धती). स्टारवाली मोटर डेल्टात जोडली की २३० वर पूर्ण ताकदीने चालते. पाटीवर २३०/४१५ किंवा ‘डेल्टा/स्टार’ अशी जोडी दिसली तर तुमचं काम झालं. नुसतं ‘४१५ डेल्टा’ असेल तर या ड्राइव्हवर ती मेंगळटासारखी फिरेल, मुसळ उचलणार नाही. मग रिवायंडिंग, नाहीतर दुसरी मोटर.

टर्मिनलचं झाकण उघडा (मेन स्विच बंद करून, हे सांगायला नको). सहा बोल्ट दिसले पाहिजेत, तीन वर तीन खाली. एका ओळीतल्या तिन्हींना जोडणारी पितळी पट्टी आडवी बसली असेल तर तो स्टार. ती काढून तीन पट्ट्या उभ्या, वरच्या बोल्टवरून खालच्यावर, लावल्या की डेल्टा. माझ्या मोटरीतून तीनच वायरी बाहेर आल्या होत्या, स्टारचा सांधा आत वाइंडिंगमध्ये बांधलेला. रिवायंडिंगवाल्याने तो सोडवून सहा टोकं बाहेर काढून दिली, अर्ध्या दिवसाचं काम.

डेल्टात अँपिअर वाढतात. ४१५ वर ४.७ अँपिअर घेणारी मोटर आता ८ च्या आसपास घेईल, आणि ड्राइव्ह स्वतः घरच्या लाइनवरून २० च्या वर ओढू शकतो. मीटरपासून वेगळी ४ स्क्वेअर एमएमची वायर टाका, ३२ अँपिअरचा एमसीबी लावा. ड्राइव्ह आणि मोटर यांच्या मध्ये स्विच किंवा कपॅसिटर काही घालू नका. चालू-बंद ड्राइव्हच्या बटणानेच करायचं. ड्राइव्हच्या सेटिंगमध्ये सुरू होण्याचा वेळ ८-१० सेकंद ठेवा.

दुकानदार म्हणेल, सरळ सिंगल फेज मोटर बसवा. सल्ला चुकीचा नाही, स्वस्तही पडेल. पण आमची वाडी डीपीपासून (ट्रान्सफॉर्मरपासून) लांब, संध्याकाळी १९० व्होल्ट. व्होल्टेज एवढं उतरलं की मोटरचा जोर दोन तृतीयांशावर येतो, त्यात सुरू होताना पाच-सहा पट करंट. शेजारच्या काकूंचा टीव्ही बंद पडायचा आणि त्या कुंपणावरून मला हाक मारायच्या. ड्राइव्ह सावकाश सुरू होतो, तेव्हापासून हाक बंद. तुमच्याकडे व्होल्टेज चांगलं असेल तर मात्र ड्राइव्हच्या भानगडीत पडू नका, सिंगल फेज मोटर घ्या. घेताना शाफ्टची जाडी मोजा, जुनी पुली बसली पाहिजे.

आणि पैसे खर्च करण्याआधी घरासमोरच्या पोलकडे बघा. दोनच तारा असतील तर सिंगल फेज. चार किंवा पाच असतील तर थ्री फेज दारात आलेली आहे, सरळ महावितरणकडे अर्ज करा. केंद्राच्या २०२४ च्या सुधारित नियमांत नव्या जोडणीला ग्रामीण भागात १५ दिवस आणि डोंगराळ ग्रामीण भागात ३० दिवसांची मुदत आहे. पोल वाढवायचे असले तर गोष्ट वेगळी, तिथे धीर धरावा लागतो. उद्या तुम्हाला भातगिरणी किंवा ५ एचपीच्या वरचं काही टाकायचं असेल तर हाच रस्ता.

तोवर एक करा: लोकांचा मसाला कुटून पैसे घेणार असाल तर महावितरणला विचारल्याशिवाय घरगुती मीटरवर चालवू नका. तो वापर अनधिकृत ठरला तर वीज कायदा २००३, कलम १२६ खाली लागू दराच्या दुप्पट आकारणी होते. जोडणीचा प्रकार बदलून घ्या आणि मंजूर लोडही वाढवून घ्या.

अर्थिंग नीट करा. जांभ्यात खड्डा पावसाळ्यात छान लागतो आणि मेमध्ये कोरडा ठणठणीत होतो. मी न्हाणीच्या पाण्याची वाट तिकडे वळवली आहे.

ड्राइव्ह डंक्याच्या खोलीत लावू नका. मिरचीची पूड पंख्यातून आत जाते. बाहेरच्या भिंतीवरही नको, खारा वारा बोर्ड खातो. बंद पेटीत, घराच्या आतल्या बाजूला लावा आणि केबल जाते ती भोकं पुट्टीने बुजवा. माझा पहिला ड्राइव्ह श्रावणात गेला. उघडला तर दोन पट्ट्यांच्या मध्ये पाल चिकटलेली. मेकॅनिकने ती चिमट्याने काढून बोर्डासकट मला परत दिली, म्हणाला वॉरंटीत पाल बसत नाही.