ऊतीचे प्रकार पाठ करू नका, एका बोटात बघा

ताई, तुमचा मुलगा नववीला आहे, चार प्रकारच्या ऊती (म्हणजे मिळून एक काम करणाऱ्या पेशींचे गट) रोज पाठ करायलाय अन् रोज विसरायलाय, आणि रक्ताला संयोजी ऊती काहून म्हणतात हे त्याला कोणीच सांगंना, असं तुम्ही लिहिलंय. मी बरीच वर्षं लातूरला जीवशास्त्र शिकवलंय, पण मला स्वतःला हे खरं कळलं ते वहिनीच्या बोटामुळं.

इळीवर भोपळा चिरताना तिचा हात घसरला, बोट तळहाताच्या बाजूनं खोल कापलं. सगळ्यात वरची कातडी म्हणजे अभिस्तर ऊती, पेशी एकीला एक चिकटून, मधी जागाच नाही, कारण काम राखणीचं. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात, म्हणून नुसतं खरचटलं तर रक्त येत नाही. तोंड, आतडं, रक्तवाहिन्या यांचं आतलं अस्तर पण हीच.

त्याच्या खाली गेलं की संयोजी ऊती, इथं मात्र उलटं, पेशी विरळ अन् मधला भराव जास्त, पुस्तकात त्याला आधारक म्हणतात. हा भराव कॅल्शियमनं कडक झाला तर हाड, लवचिक राहिला तर कुर्चा (कानात असती ती), चिवट धाग्यांचा असला तर टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, आणि पातळ असला तर रक्त. रक्तात प्लाझ्मा हाच भराव आणि पेशी त्यात तरंगतात, म्हणून ते संयोजी. संयोजी म्हणजे जोडणारी, अन् जोडणारी म्हणजे चिकटवणारीच असं धरून बसलं की पोरगं इथंच अडकतं.

आता स्नायू. पोराला उजव्या हातानं डाव्या हाताचा कोपराखालचा भाग धरायला लावा आणि डावी मूठ उघडझाप करायला सांगा, हाताखाली मांस हलतंय ते कळंल. बोट वाकवणारे मोठे स्नायू तिथं वर असतात, बोटात येतात ते फक्त त्यांचे टेंडन. वहिनीचं टेंडनच तुटलं होतं. पहिल्या डॉक्टरनं बोट वाकवून न बघताच वरची कातडी शिवली, याचा मला आजबी राग येतो, आठ दिवसांनी दुसऱ्या सर्जननं उघडलं तर तुटलेलं टोक तळहाताकडं ओढलं गेलेलं. हे बोट वाकवणारे स्नायू आपल्या इच्छेनं चालतात, अन् सूक्ष्मदर्शकात त्यांच्यावर आडवे पट्टे दिसतात म्हणून ते पट्टेदार. बिनपट्ट्याचे स्नायू बोटातबी आहेत, रक्तवाहिनीच्या भिंतीत, कापल्यावर ते आवळतात म्हणून रक्त कमी होतं, आतड्यातबी तेच. हृदयाचे पट्टेदार खरे पण आपल्या इच्छेवर नाहीत, परीक्षेत हा फरक हमखास विचारतात.

राहिली चेता ऊती, म्हणजे संवेदना नेणारी. बोटाच्या दोन्ही कडेनं तिच्या नसा जातात (रक्ताच्या नव्हेत), वहिनीची एक तुटली होती, अर्धं बोट बधिर. त्या चेतापेशीचं मुख्य अंग पाठीच्या कण्याजवळ अन् तिचा धागा थेट बोटाच्या शेंड्यापर्यंत, एकच पेशी एवढी लांब! सर्जननं नस जोडली, पण धागा दिवसाला साधारण 1 मिलीमीटरच वाढतो. कातडी पंधरा दिवसात भरली, शेंड्याला गरम तव्याचा चटका कळायला मात्र वहिनीला चार महिने लागले, आणि त्या दिवशी चटका बसला तरी ती हसत बाहेर आली सांगायला.