पिक्चर बघितला, मग पुढे काय बोलायचं?

मागच्या अंकात मी सहज विचारलं होतं की हल्ली काय बघितलंत आणि कसं वाटलं, त्यावर इतकी पत्रं आलीत की बाकीचे विषय यावेळी बाजूलाच ठेवतेय. गंमत अशी की कुठला पिक्चर आवडला यापेक्षा 'आवडला हे सांगायचं कसं' आणि 'आवडला नाही हे सांगितल्यावर काय झालं' यावरच जास्त जणांनी लिहिलंय. तर त्यातली काही पत्रं.

प्रश्न : ताई, आमच्या ग्रुपमध्ये सगळ्यांनी एक पिक्चर डोक्यावर घेतलाय. मी पण बघितला, मला अर्ध्यातच कंटाळा आला. तसं लिहिलं 'बोअर आहे' तर सगळे तुटून पडले, तुला सिनेमाच कळत नाही म्हणाले. आता गप्प बसू की उगीच छान छान म्हणू?

दोन्ही नको. तुला कंटाळा आला ही खरी गोष्ट आहे आणि ती कोणी खोडून काढू शकत नाही. पण नुसतं 'बोअर आहे' लिहिलं ना की समोरच्याच्या हाताला काही लागतच नाही, मग तो पिक्चर सोडून तुझ्यावर बोलायला लागतो आणि भांडण तिथून सुरू होतं. त्यापेक्षा कंटाळा नेमका कुठे आला ते सांग, कुठल्या सीनला तू मोबाईल हातात घेतलास, कुठे वाटलं की हे तर मगाशीच झालं होतं. एक सीन धरून बोललं की समोरच्याला पण त्याच सीनवर बोलावं लागतं, आणि मग खरं बोलणं सुरू होतं.

माझंच सांगते. चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट', २०१४चा, ज्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो मी आणि माझी मैत्रीण नुकताच परत एकत्र बसून बघितला. ज्यांनी बघितलेला नाही त्यांनी हा परिच्छेद सोडून पुढे जा, कारण मी शेवटाकडचं सांगतेय. यात कॅमेरा बहुतेक वेळ एका जागी उभा असतो, माणसं येतात, बसतात, निघून जातात, आता सीन संपला असं आपल्याला वाटतं तरी तो हलत नाही. शेवटाकडे कोर्टाला उन्हाळ्याची सुट्टी लागते, सगळे निघून जातात, मोठी रिकामी खोली उरते, मग दिवे एकेक करून बंद होतात आणि पडदा काळा. मैत्रीण म्हणाली संपला एकदाचा, तिने रिमोटपण उचलला, आणि पिक्चर परत सुरू झाला! ती वैतागली, हा दिग्दर्शकाचा नुसता हट्ट आहे म्हणाली. मी म्हटलं अगं त्या काळोखातच तर कळतं की आत एका माणसाचं आयुष्य अडकलंय आणि इमारतीला सुट्टी लागलीय. त्यावर ती शांतपणे म्हणाली, "ते मला अर्ध्या तासापूर्वीच कळलं होतं." आता याला काय उत्तर द्यायचं? तिचा मुद्दा चुकीचा नाहीये, मी अजून त्यावर विचार करतेय. तिचं मत बदललं नाही, माझंही नाही, पण त्या रात्री आम्ही जेवढं बोललो तेवढं बऱ्याच दिवसांत बोललो नव्हतो.

आणि सगळे एका बाजूला आहेत म्हणून घाबरू नकोस. १९७५ साली 'शोले' लागला तेव्हा सुरुवातीला समीक्षकांनी त्याला फारसं चांगलं म्हटलं नव्हतं, थिएटरमध्ये पण पहिले काही दिवस थंडच होते. तो चालला तो लोकांनी एकमेकांना सांगून सांगून, आणि मग मुंबईत मिनर्व्हाला पाच वर्षं हलला नाही. उलटं पण होतं. गुरुदत्तचा 'कागज के फूल' १९५९मध्ये साफ पडला आणि आज लोक त्याला डोक्यावर घेतात. म्हणजे आज ग्रुपमध्ये जे बहुमत आहे ते उद्या तसंच राहील असं काही नाही. तुझा कंटाळा तू नीट मांड, आणि पाच वर्षांनी तोच पिक्चर आवडला तर तेही तितक्याच मोकळेपणाने सांग.

प्रश्न : स्पॉयलर न देता पिक्चरबद्दल सांगायचं तरी काय? मी फक्त 'शेवटी जबरदस्त ट्विस्ट आहे' एवढंच म्हटलं तरी वहिनी रागावल्या.

वहिनींचं बरोबर आहे हो! ट्विस्ट आहे हे सांगणं हाच अर्धा स्पॉयलर असतो. एकदा ते डोक्यात शिरलं की माणूस पिक्चर बघत नाही, पहिल्या मिनिटापासून चोर शोधत बसतो, हा खोटं बोलत असेल का, ही जिवंत असेल का, आणि जो सीन साधा सरळ मनाला लागायला हवा होता तोसुद्धा संशयात वाया जातो.

दिग्दर्शक हिचकॉकने १९६०मध्ये त्याच्या 'सायको'च्या वेळी थिएटरवाल्यांना सांगूनच ठेवलं होतं की पिक्चर सुरू झाल्यावर कोणालाही आत सोडायचं नाही. त्या काळी लोक मध्येच कधीही जाऊन बसायचे, त्यामुळे हे फारच वेगळं होतं. त्याने तसं का केलं हे ज्यांनी बघितलाय त्यांना माहितीये, ज्यांनी नाही बघितला त्यांच्यासाठी मी इथेही गप्प बसतेय, साठ वर्षं होऊन गेली असली तरी.

मग सांगायचं काय? तर गोष्ट सोडून बाकी सगळं. कोणाचं काम आवडलं, एखाद्या पात्राची बोलायची लकब, गाणं, अंगावर काटा कुठल्या प्रकारचा आला, पोरांबरोबर बघण्यासारखा आहे का, रात्री एकटीने बघावा का. माझा एक साधा नियम आहे, पहिल्या वीस मिनिटांत जे घडतं ते सांगायला हरकत नाही, त्यानंतरचं सांगायचं असेल तर आधी विचारायचं. एवढं केलंत तर वहिनी पुढचा पिक्चर तुम्हालाच विचारून बघतील.

प्रश्न : एका साइटवर ९२ टक्के बघून आम्ही सगळे गेलो आणि पिक्चर अगदीच ठीकठाक निघाला. हे आकडे खोटे असतात का?

खोटे नसतात, पण आपण ते परीक्षेच्या मार्कांसारखे वाचतो आणि तिथेच फसतो. रॉटन टोमॅटोज ही समीक्षकांची मतं गोळा करणारी साइट, तिथले ९२ टक्के म्हणजे पिक्चरला शंभरपैकी ९२ मार्क नव्हेत, तर शंभर समीक्षकांपैकी ९२ जणांचं मत एकूणात चांगलं होतं, एवढंच. किती चांगलं ते त्यात येत नाही. म्हणजे सगळ्यांनीच 'बरा आहे, एकदा बघायला हरकत नाही' म्हटलं तरी आकडा शंभर होऊ शकतो, आणि निम्म्या लोकांनी जीव ओवाळून टाकला, निम्म्यांना अजिबात नाही आवडला तर पन्नास येतो. मला विचाराल तर तो पन्नासवाला पिक्चर मी आधी बघेन. आयएमडीबी या दुसऱ्या साइटचं वेगळं आहे, तिथे प्रेक्षकांनी १० पैकी दिलेल्या मार्कांची सरासरी असते, तीही सरळ भागाकार करून नाही तर थोडी तोलूनमापून काढलेली.

आकड्यापेक्षा एखादा माणूस धरा, ज्याची आवड तुमच्याशी जुळते. किंवा अजिबात जुळत नाही असा पण चालतो, त्याला कंटाळा आला म्हणजे आपल्याला आवडणार हे कळतं, तोही मोठा उपयोग आहे.

प्रश्न : घरी ओटीटीवर बघताना संवाद ऐकू येत नाहीत म्हणून आवाज वाढवावा तर मारामारी सुरू झाली की घर हादरतं. आमचे हे म्हणतात हल्लीच्या नटांना बोलताच येत नाही. खरंय का?

थोडं खरं आहे, हल्ली पुटपुटत बोलण्याचा अभिनय जास्त झालाय. पण नटांवर सगळं ढकलण्याआधी टीव्ही तपासा. पिक्चरचा आवाज बऱ्याचदा ५.१ साठी तयार केलेला असतो, म्हणजे पाच स्पीकर आणि दणक्यासाठी एक वेगळा, आणि त्यात बोलणं मुख्यतः मधल्या स्पीकरमधून येतं. घरच्या टीव्हीला दोनच छोटे स्पीकर, तेही कित्येकदा खाली नाहीतर मागे तोंड करून बसवलेले. सहा जणांचा आवाज दोघांत कोंबला की बोलणं आणि म्युझिक एकमेकांच्या अंगावर येतं आणि बोलणं हरतं. त्यात थिएटरसाठी हळू आणि मोठ्या आवाजात खूप अंतर ठेवलेलं असतं, अंधारात शांत बसलेल्या माणसाला ते छान वाटतं, घरी मात्र आपण रिमोट घेऊन वरखाली करत बसतो.

ॲपमध्ये जिथे भाषा निवडता तिथे ५.१च्या ऐवजी साधा स्टिरिओ, म्हणजे दोन स्पीकरसाठीचा आवाज, असेल तर तो लावून बघा. टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये नाइट मोड किंवा बोलणं स्पष्ट करणारा मोड असतो, तोही लावा. मग तोच सीन परत बघा, आणि तरीही कळलं नाही तर यजमानांचं म्हणणं मान्य!

प्रश्न : नवीन टीव्हीवर चांगले चांगले पिक्चरसुद्धा सिरियलसारखे दिसतात. शूटिंगच तसं असतं का?

नाही नाही, ती टीव्हीची करामत आहे. पिक्चर सेकंदाला २४ फ्रेमचा असतो, टीव्ही त्या फ्रेमच्या मध्ये स्वतःच्या मनाने फ्रेम बनवून घालतो आणि सगळं गुळगुळीत करून टाकतो. क्रिकेटला बरं वाटतं, पिक्चरचा मात्र जीव जातो. डिसेंबर २०१८मध्ये खुद्द टॉम क्रूझने व्हिडिओ टाकून लोकांना हे बंद करायला सांगितलं होतं. सेटिंगमध्ये मोशन नावाचं जे काही असेल ते बंद करा, काही टीव्हींमध्ये फिल्ममेकर मोड असतो, तो लावला तरी काम होतं.

प्रश्न : माझा भाऊ सगळे पिक्चर दीडपट स्पीडने बघतो आणि मग ठासून मतं देतो. असं मत धरायचं का? माझा तर संताप होतो.

संताप मलाही झाला वाचून, खरंच. त्याला वेळ वाचवायचाय हे समजू शकते, बातम्या बघ, मुलाखती बघ दीडपटने, कोण नाही म्हणतंय. पण पिक्चरमध्ये वेळ हाच माल असतो. 'सैराट'चा शेवट आठवा, २०१६मध्ये तो थिएटरमध्ये ज्यांनी बघितला त्यांना विचारा. ते छोटं पोर, त्याची ती पावलं, आणि आवाज पूर्ण गेलेला. गाण्यांवर नाचलेलं थिएटर त्या शांततेत दगड झालेलं मी बघितलंय, उठायचं आहे हेच कोणाला सुचत नव्हतं. दीडपटने दहा सेकंदांची शांतता जवळपास सातवर येते. नुसता तीन सेकंदांचा फरक वाटतो ना? पण त्या तीन सेकंदांतच तर आपल्या घशाशी आवंढा येतो.

२०१९मध्ये नेटफ्लिक्सने मोबाईलवर स्पीड बदलण्याची सोय तपासायला घेतली तेव्हा हॉलिवूडच्या काही मोठ्या लोकांनी उघड विरोध केला होता, तरी पुढच्या वर्षी ती आलीच. सोय आहे म्हणजे वापरलीच पाहिजे असं थोडीच आहे. भावाशी भांडू नकोस, त्याला एवढंच म्हण की गोष्ट कशी होती ते तू सांगू शकतोस, पिक्चर कसा होता ते नाही. आणि एखाद्या रात्री त्याच्या शेजारी बसून नेहमीच्या स्पीडने एक पिक्चर पूर्ण बघ, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून.

प्रश्न : परदेशी पिक्चर सबटायटल लावून बघावेत की डब केलेले? घरात दोन तट पडलेत.

ज्याला जसं जमेल तसं. डब केला की मूळ नटाचा आवाज जातो, आणि आवाज म्हणजे अर्धा अभिनय. पण सबटायटलमध्येही सगळं येतं असं समजू नका, एका वेळी साधारण दोन ओळी, एका ओळीत जेमतेम चाळीसेक अक्षरं, त्यामुळे बडबड्या माणसाचं बोलणं तिथे छाटूनच लिहितात. डोळ्यांना त्रास होणाऱ्यांनी आणि हळू वाचणाऱ्यांनी बिनधास्त डब बघावा, खाली बघत बसून चेहरे चुकवण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

प्रश्न : माझा बारा वर्षांचा मुलगा मित्रांबरोबर पिक्चर बघून येतो, 'कसा होता' विचारलं की 'मस्त' म्हणतो आणि आत पळतो. त्याने काहीतरी बोलावं असं फार वाटतं.

'कसा होता' याचं उत्तर 'मस्त'च येणार, आपण मोठे तरी वेगळं काय देतो? प्रश्न बदलून बघा. सगळ्यात जास्त भीती कुठे वाटली? कोणाचा राग आला? तू त्याच्या जागी असतास तर दार उघडलं असतंस का? माझ्या भाचीला मी एकदा विचारलं की पिक्चर संपल्यावर त्या कुत्र्याचं काय झालं असेल, तर ती पाऊण तास बोलत होती, तिने अख्खा दुसरा भाग रचला, नावासकट. मी फक्त मध्ये मध्ये 'मग?' म्हणत होते.

एकच सांभाळा, तो बोलायला लागला की 'अरे तसं नाही, दिग्दर्शकाला असं म्हणायचंय' करून दुरुस्त करायला जाऊ नका. आणि तुम्ही काय बघितलंत, कुठे डोळ्यांत पाणी आलं, तेही त्याला सांगा. तो ऐकत नाहीये असं दाखवेल, पण ऐकत असतो.