पेटी वाजवणाऱ्याने जॅझ पियानोवादक बिल इव्हान्स कुठून ऐकायला घ्यावा?

२५ जून १९६१ ला न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबात झालेल्या रेकॉर्डिंगपासून सुरू करा, भाऊ. ‘संडे अ‍ॅट द व्हिलेज व्हॅनगार्ड’ आणि ‘वॉल्ट्झ फॉर डेबी’ हे दोन्ही अल्बम त्याच दिवसाचे. दारव्ह्याकडच्या भजनी मंडळात पेटी धरता म्हणता, मीही पेटीच शिकवतो, म्हणून सांगतो: इव्हान्सचा डावा हात ठोकत नाही, मोजके सूर ठेवून गप्प राहतो. त्या मोकळ्या जागेत साथीदार स्कॉट लाफारोचा बास (खर्जातलं मोठं तंतुवाद्य) बोलतो, खंजेरीवाला ओळ पुरी व्हायच्या आत उत्तर देतो तसा. मधेच पेल्यांची किणकिणही येते. लाफारो ११ दिवसांनी मोटार अपघातात गेला, वय अवघं २५. इव्हान्सने पुढे काही महिने पियानोला जवळपास हात लावला नाही. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या १९५९ च्या ‘काइंड ऑफ ब्लू’ अल्बममध्येही तो आहे, पण त्यातल्या ‘फ्रेडी फ्रीलोडर’ या रचनेत पियानो विंटन केलीचा, तिथे फसू नका. फक्त हे मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका, बास पार गायब होतो. इअरफोन लावा, आणि गावात रेंज धड नसेल तर यवतमाळला गेल्यावर डाउनलोड करून आणा.